बिलोलीला गेलेली नीलम्मा

नीलम्मा बिलोलीला गेली आहे, हे नीलम्मानं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

भर दुपार होती. ती मागच्या खोलीत घोंगडीवर पडली होती. पुढच्या दाराशी कुणी बाई आली होती आणि नीलम्माचा मुलगा शिवमूर्ती एकेक शब्द जोखून उत्तर देत होता. उदगीरच्या मोंढ्यात तो काट्यावर धान्य तोलायचा, त्यामुळं त्याचं बोलणंही तसंच झालं होतं.

"अव्वा घरी न्हाई. बिलोलीला गेलीया, मावशीकडं."

"आगं बाई! आन कवा येणार? माझ्या सुनेचे दिवस भरत आल्यात."

"मावशीचं दुखणं हाय. दोन म्हैने तर लागतीलच."

"आता नीलम्माक्काच न्हाई म्हणल्यावर लेकराला न्हाऊ कोण घालणार वो?"

आत नीलम्माला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, याचा आनंद माणसाला आजारपणातही सोडवत नाही. तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला, खोकला आतल्या आत जिरवला आणि डोळे मिटून खरोखरच बिलोलीला गेली.

बिलोलीला ती उभ्या जन्मात दोनदा गेली होती, एकदा धाकट्या बहिणीच्या लग्नात आणि एकदा भाचीच्या. पण गेल्या काही दिवसांत तिचं तिथं येणं-जाणं फार वाढलं होतं. बहिणीच्या परसात एक चिंच होती. तिच्या सावलीत दुसरी एक नीलम्मा बसलेली असायची. तिला खोकला नव्हता. तिथल्या आडाचं पाणी वाकून हात घातला तर लागेल इतकं वर होतं. ती नीलम्मा पाय पसरून, नडग्यांवर कुणाचं तरी लेकरू घेऊन सावकाश तेल जिरवत बसायची. लेकराचं तोंड मात्र कधी दिसायचं नाही. बघायला वाकलं की जाग यायची, आणि डोळ्यांपुढं अंगणाकडचं बंद दार असायचं.

या दाराला बाहेरून कुलूप होतं. पूर्वी ही धान्याची खोली होती. पोती ओढून ओढून दाराचा उंबरा मधोमध झिजला होता आणि त्या फटीतून दुपारी उन्हाची एक पट्टी आत यायची. त्या वर्षी खोलीत धान्य नव्हतंच. पावसानं असा दगा दिला होता की उंदीरसुद्धा घर सोडून गेले होते. खोलीचं दुसरं दार मागच्या बोळात उघडत होतं, आणि त्या बोळात दिवसा कुणी फिरकत नव्हतं. माणूस लपवायला याहून चांगली जागा गावात नव्हती.

नीलम्मा बाळांना न्हाऊ घालायची. नवरा मलप्पा वारला तेव्हा पदरात दोन लेकरं होती, आणि हाताला दुसरं काही येत नव्हतं. सव्वीस वर्षं ती पहाटे उठून या घरून त्या घरी जात होती. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळ नडग्यांवर घ्यायचं. कपाळ दाबून बसवायचं, नाक चिमटीत धरून सरळ करायचं, पाठीच्या कण्यावरून अंगठा असा फिरवायचा की रडणारं पोर मध्येच विसरून जांभई देईल. गल्लीतली निम्मी डोकी तिनं गोल केलेली होती. मोंढ्यातल्या एका अडत्याचं नाक वाकडं होतं. तो दिसला की ती न विचारता सांगायची, "त्ये माझ्या हातचं न्हाई. त्ये आजोळी जन्मलंय."

न्हाणं संपताना एक तांब्या पाणी राखून ठेवायचा, ही तिची रीत. तो बाळावरून ओवाळायचा, जमिनीवर ओतायचा आणि त्या ओल्या मातीचं बोट बाळाच्या कपाळाला लावायचं. मग कुणाची दृष्ट लागायची बिशाद नव्हती. बाळंतिणीवरूनही ती असा एक तांब्या उतरवायची. तिच्यावरून मात्र कधी कुणी उतरवला नव्हता, आणि आपला आपण उतरवून घ्यायचा नसतो.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला त्या पावसाळ्यात गावात पेढे वाटले गेले होते. पेढे संपले आणि पाऊसही संपला. हिवाळ्यातच आड आटले. टँकर येऊ लागला. नीलम्माला खोकला लागला तो याच सुमाराला. धुळीचा असेल म्हणून तिनं दोन महिने अंगावर काढला. फाल्गुनात एके दिवशी पदरावर तांबडं उमटलं, तेव्हा ती सरकारी दवाखान्यात गेली.

तिथल्या सिस्टर सुमनबाईंनी कार्ड केलं, औषधं समजावून दिली आणि विचारलं, "घरात कोण कोण हाय?"

"मुलगा, सून. लेक हाय, जळकोटला दिलेली. तिला आठवा लागलाय. पहिलटकरीण हाय, बाळंतपणाला माझ्याकडंच येणार की."

सुमनबाईंचं लिहिणं थांबलं. "नीलम्माबाई, दोन म्हैने रोज इंजेक्शन. मग थुंकी तपासायची. ती साफ निघूस्तोर लेकराला हात लावायचा न्हाई. कुणाच्याच."

"आन साफ न्हाई निघाली तर?"

"निघंल. पर काळजी घ्यावं लागंल, सोताची."

नीलम्मानं मान डोलावली खरी. स्वतःची काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिला कळलं नव्हतं.

बिलोलीची कल्पना तिचीच. शिवमूर्ती बिचारा नको म्हणत होता. पण तिनं त्याला बसवून सांगितलं, "टीबी म्हणल्यावर माझ्या हातात कोन लेकरू देईल रं? आन महानंदाची सासू? टीबीच्या घरची पोर म्हणून जन्मभर टोचून खाईल तिला. दोन म्हैन्याचा तर सवाल हाय. मी बरी हुते, आन बिलोलीहून येते." लेकीलाही सांगायचं नाही, असं ठरलं. बाळंतपणाला माहेरी आणली नाही तर लोकांना संशय येईल, म्हणून आणायची. पण आई घरात आहे हे तिला कळू द्यायचं नाही. रोग लपवायला नीलम्मानं जेवढी अक्कल खर्च केली, तेवढी तो वेळेवर ओळखायला केली असती तर ही वेळच आली नसती. सुमनबाईंनी हे तिला तोंडावर सांगितलं. शिवाय मधल्या दोन महिन्यांत न्हाऊ घातलेल्या सगळ्या बाळांची नावं तिच्याकडून काढून घेतली आणि लस टोचायच्या निमित्तानं एकेकाला तपासून आल्या. सगळी ठीक होती. ते ऐकून नीलम्मा पहिल्यांदा रडली.

लिंगायतांच्या घरात बाईला महिन्याचे चार दिवस बाजूला बसवत नाहीत. नीलम्मा हे इतर बायकांना मोठ्या ऐटीत सांगायची. गळ्यात लिंग असल्यावर कसला विटाळ? आता तीच बाजूला बसली होती.

सुमनबाई रोज उजाडताना, कामावर जाताजाता बोळातून यायच्या. पिशवीत सुई उकळून आणलेली असायची.

"ह्ये काय खोडलंय वो कार्डावर?" नीलम्मानं एकदा विचारलं.

"जिल्हा. छापील कार्डं उस्मानाबादची हायती. आता आपला जिल्हा लातूर."

"मंग माझा आजार कंच्या जिल्ह्यातला?"

"आजार जुन्या जिल्ह्यातला, इलाज नव्या. कुशीवर व्हा."

त्या हसल्या. नीलम्माही हसली. हसताना खोकला आला नाही, हे दोघींच्याही लक्षात आलं.

"खायाचं काय करताव? अंडी सांगितली असती, पर तुमच्यात चालत न्हाईत."

"शेंगदाणे खाते. तीळ खाते."

"आन दिवसभर?"

"पडून ऱ्हाते. बाई, तुमी म्हणलाव सोताची काळजी घ्या. ती कशी घेत्यात?"

सुमनबाईंनी सुई पुसत तिच्याकडं बघितलं. "तुमी मला इचारताव? दुसऱ्याच्या बाळंतिणीची घेताव तशी घ्या की."

हे नीलम्माला एकदम पटलं. बाळंतिणीचं काय करायचं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं सुनेकडून वाटीभर तिळाचं तेल मागवलं. सून रत्नम्मा जेवणाचं ताट बोळातल्या दाराशी ठेवायची, दोन पावलं मागं सरून उभी राहायची आणि खाली बघून बोलायची. तेल कशाला, असं तिनं विचारलं नाही. सासूला काही विचारायची तिला सवयच नव्हती.

तर नीलम्मा पाटावर बसली. पाय लांब केले. हातावर तेल घेतलं आणि थांबली. पुढं कोणी नव्हतं. सव्वीस वर्षं ज्या नडग्यांवर बाळं निजली, त्या नडग्या तिनं कधी नीट बघितल्याच नव्हत्या. तेल पिऊन पिऊन त्या गुळगुळीत झाल्या होत्या. तिनं घोट्यापासून वर हात नेला. दुसऱ्याच्या अंगावर सराईत चालणारे हात स्वतःच्या अंगावर बिचकत होते. पोटऱ्या दुखत होत्या. किती वर्षांपासून दुखत असतील कोण जाणे. मग हळूहळू हातांना ओळख पटली. गुडघे झाले, मांड्या झाल्या, खांदे झाले. पाठीला हात पोचेना. पाठ तिनं उन्हाच्या पट्टीत धरली आणि तेवढी उन्हावर सोपवली.

शिवमूर्तीच्या वेळी ती चौथ्या दिवशी उठून खळ्यावर गेली होती. महानंदाच्या वेळी तर विचारूच नका. तिचं स्वतःचं बाळंतपण कुणी केलंच नव्हतं. ते राहून गेलेलं बाळंतपण आता करायचं, असं तिनं मनाशी धरलं. सकाळी उठून आधी झाकणाचं थुंकीचं डबडं राखेनं भरायचं, जुनी राख बोळात खड्डा करून पुरायची. मग गोळ्या. मग डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा. एरवी पाच मिनिटांत उरकायची. आता तळहातावरच्या त्या काळ्या ठिपक्याकडं बघता बघता ऊन उंबऱ्यापर्यंत यायचं. मग तेल. मग वाटीभर निखाऱ्यांवर ओवा टाकून शेक. तिच्या वाट्याला दिवसाला एक घागर पाणी यायचं. त्यातलं पिण्याचं आधी काढायचं आणि उरलेल्यात अंग धुवायचं. सगळं रीतीनं करायची. शेवटचा तांब्या तेवढा राखून ठेवायची, थोडा वेळ त्याच्याकडं बघायची आणि संध्याकाळी पिऊन टाकायची.

दुपारी बिलोली. चिंचेखालची नीलम्मा आता जाड झाली होती. आडाचं पाणी आणखी वर आलं होतं. कधी कधी सव्वीस वर्षांतली सगळी लेकरं एकदम यायची, कुणी मिशीवाली, कुणी लुगड्यातली, आणि चिंचेखाली रांगेनं पालथी पडायची. ती सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवत जायची आणि रांग संपत नसायची. जाग आली की तिचा ताप उतरलेला असायचा.

एकदा अशीच रांग बघून ती उठली, आणि दुसऱ्या दिवशी सुमनबाई सुई काढून घेत असताना म्हणाली, "बाई, तुमच्या पोरीच्या वक्ती मी आले नव्हते."

"हाव."

"तुमी माणूस धाडला होता."

"तीन येळा. तुमी म्हणलाव, येळ न्हाई."

नीलम्माला तेव्हा वेळ होता. भीमनगरात जायचं म्हणजे बाकीची घरं काय म्हणतील, एवढाच प्रश्न होता. कसला विटाळ असं ऐटीत सांगणारी बाई त्या वेळी गप्प राहिली होती. ते तिला आता बोलवेना, आणि सुमनबाईंना सांगायची गरजही नव्हती.

"मंग न्हाऊ कोणी घातलं?"

"मीच. टाके होते. भिताडाला टेकून घातलं." सुमनबाईंनी पिशवी बंद केली. "आता बारावीला हाय ती. नाक जरा बसकं ऱ्हायलं."

"माझं चुकलं," नीलम्मा म्हणाली.

"हाव, चुकलं," सुमनबाई म्हणाल्या. "उद्या दुसऱ्या कुशीवर." आणि कामावर गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या येतील की नाही या विचारानं नीलम्माला दिवसभर बिलोलीला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्याच वेळेला आल्या.

वैशाखात महानंदा आली. भिंतीपलीकडं लेकीचं जड पाऊल वाजलं आणि नीलम्मा उठून भिंतीशी गेली. महानंदा भावाशी भांडत होती.

"मावशीला काय झालंय असं? पत्र तरी धाडायचं. मव्हं पहिलं बाळंतपण, आन आई गावाला! लोकांच्या लेकरांना न्हाऊ घालाया हिला येळ हाय. माझ्या येळंला बिलोली!"

"येईल की गं," शिवमूर्ती म्हणाला.

"येऊ नको म्हणावं आता."

नीलम्मानं भिंतीला तळहात लावला. पलीकडं लेक होती, तिच्या पोटात लेकरू होतं, आणि मध्ये दीड हात माती होती. खोकला आला. तिनं पदर दातात धरला. त्या आठवड्यात ती एकदाही मोकळेपणी खोकली नाही.

मूल इंजेक्शनचे दोन महिने पुरे व्हायच्या आधीच आलं, वीस दिवस लवकर. दवाखान्यातून चौथ्या दिवशी ते घरी आलं. नीलम्मानं पहिलं रडणं ऐकलं आणि म्हणाली, "पोरगी हाय. गळा खणखणीत हाय. वजनाला जरा कमी असंल." हे ती कुणालाच सांगत नव्हती.

रत्नम्मा ताट घेऊन आली तेव्हा नीलम्मानं विचारलं, "लेकराला न्हाऊ कोन घालतंय?"

"मी वल्ल्या फडक्यानं पुसून घेते. पानी बी न्हाई तेवढं." रत्नम्मा खाली बघत म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मला भ्या वाटतंय अव्वा. सगळे म्हणत्यात, नीलम्माक्काच्या घरची सून, तुला येतच असंल. मला कुठं येतंय?"

आठ वर्षं ही पोरगी घरात होती. शिकवते म्हणून नीलम्मा एकदाही म्हणाली नव्हती. आपले हात आपल्यापाशीच असावेत असं तिला वाटायचं. हे रत्नम्माला ठाऊक होतं.

"धा-बारा दिवस पुसून घे," ती म्हणाली. "थुंकी साफ निघाली की मीच येते. बिलोलीहून."

पण तेवढे दिवस मिळाले नाहीत. बाराव्या दिवशी पाळण्याला जळकोटहून महानंदाची सासू उमाबाई आली. दोन्ही गुडघे धरलेले, हातात काठी. तिची काठी अंगणात टक टक वाजू लागली तेव्हाच नीलम्मा दाराशी सरकली. गल्लीतल्या पाच-सात बाया जमल्या होत्या.

"बारा दिस झाले आन लेकराच्या अंगावर पानी न्हाई?" उमाबाई म्हणाली. "न्हाऊ घालनारणीच्या घरात? मला खाली बसता आलं असतं तर मीच घातलं असतं. सूनबाई, पाट मांडा."

"घाल की गं रत्नम्मा," शेजारची सरजाबाई म्हणाली. "सासूचा हात तुझ्याच हातात आला असंल."

पाट मांडल्याचा आवाज आला. रत्नम्मा नाही म्हणू शकली नाही. नीलम्मा झिजलेल्या उंबऱ्याशी जमिनीला गाल लावून पडली. फटीतून तिला पाटाचा कोपरा दिसत होता, आणि रत्नम्माचे पसरलेले पाय. टाचा जवळ नव्हत्या. मधून लेकरू घसरेल एवढं अंतर होतं.

टाचा जुळव, असं ती मनात म्हणाली. मनातलं कुणाला ऐकू जाणार?

रत्नम्मानं लेकरू पालथं घातलं. कपाळाखाली हात दिला नाही. डोक्यावरून तांब्या ओतला.

रडणं बदललं. बाकीच्या बायांना ते नुसतं रडणंच वाटलं असेल. नीलम्माच्या कानाला त्यातलं पाणी ऐकू आलं. पुढचा श्वास आलाच नाही.

तोंड उघडलं की काय काय जाणार आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं. गल्लीतलं एकही बाळ पुन्हा तिच्या पायावर येणार नव्हतं. लेक सासरी मान खाली घालून राहणार होती. चिंचेखालची ती जाड नीलम्मा, तो भरलेला आड, सगळं एका हाकेत जाणार होतं.

"उचल तिला!" नीलम्मा ओरडली. "रत्ने, उचल! डाव्या हातावर पालथी घे. डोकं खाली. पाठीवर थाप मार. भिऊ नको, जोरात मार!"

थापेचा आवाज आला. एक. दोन.

"आनखी!"

तिसऱ्या थापेला लेकरू खोकलं. नाकातोंडातून पाणी आलं असावं, कारण मग जे रडणं फुटलं ते कोरडं आणि खणखणीत होतं.

"अव्वा?" बाळंतिणीच्या खोलीतून महानंदा म्हणाली.

"बिलोली लईच जवळ आली की वो विहीणबाई," उमाबाई म्हणाली.

नीलम्मा उठून बसली. आता पदर तोंडावर धरायचं कारण उरलं नव्हतं. सवयीनं तरी धरला.

"मला टीबी हाय," ती दाराला म्हणाली. "फाल्गुनापासून हितंच हाय. रोज सुई चालू हाय. लेकराला मी शिवले न्हाई, महानंदाला न्हाई. शिवमूर्तीला, रत्नम्माला बोल लावू नका. लपवायचं मीच ठरवलं."

कुणीतरी आपलं पोर उचललं. त्याच्या पायातले वाळे वाजत दाराबाहेर गेले. आणखी एका बाईच्या बांगड्या गेल्या. नीलम्मा ते ऐकत राहिली. ते पोर तिच्याच हातचं होतं.

"अव्वा, तू हितंच होतीस?" महानंदा रडत होती.

"हितंच. तुझ्या भिताडाला टेकून."

लेकरू हुंदके देत होतं. शेवटी रत्नम्माचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

"अव्वा, पानी निवायलंय. पुढं काय करू?"

नीलम्मानं आपला पाट ओढला. त्यावर बसली, पाय लांब केले.

"टाचा जुळव आधी. हाव. आता उताणी घे. मानेखाली डावा हात. पानी छातीवरून घाल, डोक्यावरून न्हाई. कानावर तळवा धर." तिचे हात तिच्या मोकळ्या नडग्यांवर चालत होते. "आता पालथी घे. कपाळ तळहातावर ठिव. कण्यावरून आंगठा, खालून वर. दाबू नको, नुसता फिरीव. जांभई दिली का?"

"न्हाई."

"परत फिरीव."

अंगणात एक बाई हलकेच हसली. "दिली, दिली," सरजाबाई म्हणाली. "केवढं त्वांड केलं बघा!"

"शेवटचा तांब्या राखलास का?"

"राखलाय."

"मोठ्या बाईच्या हातनं ओवाळा. विहीणबाई असतील तर त्यांच्या हातनं. मग पुसून दुपट्यात घ्या."

काठी वाजली. पाणी मातीवर पडल्याचा आवाज आला. दुपट्याची सळसळ झाली, पाळण्याची कडी वाजली, आणि बाया आत गेल्या. झालं. सव्वीस वर्षांत न्हाणं संपल्यावर तिला कधी असं रिकामं वाटलं नव्हतं. ती पाटावर तशीच बसून राहिली. डोळे मिटून बघितले. बिलोलीत चिंच होती, खाली कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं अंगणात घागरीच्या तळाला तांब्या घासल्याचा आवाज आला. घागरीत फार पाणी उरलं नसावं. घासणारा हात तांब्या भरेपर्यंत थांबला नाही. मग काठी. टक. थांबणं. टक. तिच्या दाराकडं येत होती.

उंबऱ्याच्या फटीतली उन्हाची पट्टी कुणाच्या तरी सावलीनं झाकली गेली. बाहेर काकणं किणकिणली, एकदा, दोनदा, तीनदा, हात गोल फिरवल्यावर किणकिणतात तशी. नीलम्मानं श्वास धरून ठेवला.

पाणी झिजलेल्या उंबऱ्यावरून आत आलं. धुळीतून वाट काढत पाटाच्या पायापर्यंत आलं आणि तिथं जिरलं. बाहेर काठी हळूहळू परत फिरली.

नीलम्मा वाकली. तिनं ओल्या मातीत बोट बुडवलं आणि कपाळावर, सकाळच्या विभूतीच्या खाली लावलं.